निसर्ग वादळानंतरची वाडी: कटर मशीनच्या कामाच्या नोंदी

ठिकाण: दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड. आळीतल्या तीन लागून असलेल्या वाड्या. काम: पडलेले माड, पोफळी, आंबे आणि फणस कटर मशीनने (चेन सॉ, म्हणजे फिरत्या साखळीची करवत) कापून वाट, विहीर, पाट आणि घरं मोकळी करणं. हे मुंबईत अडकलेत, त्यामुळे वाडीत काय कापलं, कसं कापलं आणि काय राहिलं हे रोज वहीत लिहून ठेवते. फोन लागेल तेव्हा यातूनच वाचून दाखवायचं.

५ जून २०२०, शुक्रवार

परवा दुपारी वादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनमधून १२०चे झोत. आज वटपौर्णिमा, आणि आळीतला वड आडवा.

वाडीत आत जाता येत नाही. कोयत्याने झावळ्या तोडत विहिरीपर्यंत गेलो, तेवढंच. वीज नाही, फोन नाही. माणसं सगळी धड आहेत.

६ जून

भावजींना आजच कुठून तरी कटर आणून सुरुवात करायची होती. तात्यांनी थांबवलं, दोन कारणांनी.

पहिलं कारण पंचनामा. तलाठी येऊन मोजून जाईपर्यंत झाड जागेवरून हलवायचं नाही. वाट अडवणारी झाडं तेवढी फोटो काढून बाजूला करायची. भावजींनी मोबाईलवर प्रत्येक आडव्या झाडाचा बुंधा आणि शेंडा दिसेल असे फोटो काढले. पोफळींचे ओळीने काढले, एकेकीचे काढायला गेलो तर दिवाळी उजाडेल.

दुसरं कारण तारा. रस्त्याकडचे खांब पडलेत आणि तारा झावळ्यांखाली गुंतल्यात. वीज नाही म्हणजे तार मेलेली, असं धरून चालत नाही. कोणी घरात जनरेटर लावला आणि मेन स्विच खाली केला नाही, तर तोच करंट उलटा तारेत येतो. महावितरणची माणसं तार ओढून बाजूला करेपर्यंत त्या कडेच्या झाडांना कोयतासुद्धा लावायचा नाही, असं तिन्ही घरांत ठरलं. त्या झाडांना जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या.

८ जून, सोमवार

महाडकडचे एक दादा मशीन घेऊन आले. डोंगरात लाकूडतोडीवर अनेक वर्षं काम केलेले. मशीन पेट्रोलवरचं, १८ इंची बारचं. बार म्हणजे ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते ते. सोबत त्यांचा भाचा, विशीतला.

दर ठरवताना ओढाताण झाली. बाकीच्या आळ्यांत झाडामागे दर चाललाय. आम्ही रोजावर ठरवलं. भावजींना ते महाग वाटलं, पण माझं म्हणणं सरळ आहे. झाडामागे पैसे दिले की माणूस झाडं मोजत कापतो आणि घाई करतो. कटरच्या कामात घाई आपण विकत घ्यायची आणि पाय त्याचा जायचा, हा व्यवहार मला नको. दादांनाही रोजच बरा वाटला. ते म्हणाले, "वहिनी, रोजावर असलं की झाडाकडं बघायला वेळ मिळतो. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा वाईट, कुठं दाबून बसलंय ते दिसत नाही."

काम सुरू करण्याआधी त्यांनी मशीन ओट्यावर ठेवून सगळं तपासलं. मी बघून लिहून घेतलं.

चेनचा ताण: बारच्या खालच्या कडेला चेन लोंबायला नको, ओढली की परत चपखल बसायला हवी आणि तरी हातमोज्याने बारभोवती फिरायला हवी. ढिली चेन निसटते. खालच्या बाजूला असलेला छोटा चेन कॅचर अशी सुटलेली चेन अडवण्यासाठीच असतो. त्यांच्या मशीनचा तुटलेला होता, तो माणगावहून आणून बसवेपर्यंत त्यांनी मशीन लावलं नाही. भावजी चिडले, तात्या खूश झाले.

चेन ब्रेक: पुढच्या दांड्याच्या पुढे जे उभं पान असतं तो ब्रेक. मशीन जमिनीवर दाबून, क्षणभर पूर्ण रेस देऊन, मनगटाने पान पुढे ढकललं की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थोडी फिरून थांबली तरी ते मशीन वापरायचं नाही.

मागच्या दांड्यावरची कळ दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये. रेस सोडल्यावर इंजिन चालू राहील पण चेन उभी. रिकाम्या रेसवरही चेन सरकत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करायचा.

ऑईल: पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑईल वेगळं, चेनचं ऑईल वेगळं. बारचं टोक पांढऱ्या दगडासमोर धरून रेस दिली की दगडावर तेलाचा बारीक पट्टा उमटायला हवा. उमटला.

९ जून

अंगावरच्या कपड्यांवरून अर्धी सकाळ गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

भाचा लुंगीत आणि गळ्यात पंचा घेऊन आला होता. दादांनी पंचा काढायला लावला आणि लुंगी बदलून पँट घालायला पाठवला. सुटं काहीही चेनमध्ये गेलं की चेन माणसाला स्वतःकडे ओढते. जाड जीन घातली की पाय वाचतो हा समज इथे सगळ्यांचा आहे. पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. तिच्यापुढे जीनचं कापड एक क्षणही टिकत नाही.

मांडीवर बांधायचे खास चॅप्स मिळतात. त्यांत सुट्या, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जातात आणि स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंडाळून मशीन अडकवतात. धार अडवणं हे त्यांचं काम नाही, चेन गुदमरवणं हे काम. मदतीचं सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोतून ते आणायला ह्यांना सांगितलंय. ते येईपर्यंत दादांनी फक्त आडवी, कंबरेखालची, सरळ पडलेली खोडं घ्यायची असं ठरलं.

डोक्याला बांधकामाचं हेल्मेट, जाळीचा चष्मा, टाच असलेले जाड बूट. भावजींनी मोटरसायकलचं हेल्मेट देऊ केलं. त्याची काच घामाने धुरकटते, मान वर करून फांदी बघता येत नाही, म्हणून ते परत घरात. कानाला कापूस पुरत नाही. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, त्याला कानावरचे मफच हवेत.

मफ घातल्यावर एक नवीनच अडचण लक्षात आली. मी शिट्टी घेऊन उभी राहणार होते, पण मफमधून शिट्टी ऐकूच येत नाही! म्हणून लांब बांबूच्या टोकाला लाल फडकं बांधलं. थांबवायचं असेल तर समोरून, नजरेच्या टप्प्यात फडकं धरायचं. मागून खांद्याला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. हात लागला की माणूस वळतो, आणि त्याच्याबरोबर चालू मशीनही वळतं. मशीन रिकाम्या रेसवर आणि ब्रेक पुढे असल्याशिवाय कोणी पाच मीटरच्या आत जायचं नाही.

फोन लागत नसल्यामुळे आणखी एक ठरवलं. भावजींची गाडी फाट्याकडे तोंड करून, पेट्रोल भरून, किल्ली लावून उभी. जखम दाबायला स्वच्छ सुती पंचांची घडी आणि जाड बँडेज एका डब्यात, डबा गाडीच्या हँडलला. कापलं तर कपडा दाबून धरायचा, पुनःपुन्हा उचलून बघायचं नाही.

१० जून

पहिला दिवस कापायचा. मशीन चालू करण्याची दादांची पद्धत: जमिनीवर ठेवून, ब्रेक पुढे, मागच्या दांड्यात उजवा पाय, डावा हात पुढच्या दांड्यावर ताठ, उजव्या हाताने दोरी. भाच्याला एका हातात मशीन लटकवून दुसऱ्या हाताने झटका मारायची सवय आहे, तसं करणारे पुष्कळ दिसतात. दादांनी त्याला सरळ सांगितलं, "पोरा, असं करशील तर आज झावळ्या ओढायच्या."

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग, तिथे सगळा धोका. चालू चेनचा तो भाग लाकडाला, फांदीला किंवा खाली लपलेल्या दगडाला टेकला, की दात चावून न जाता अडकतात आणि अख्खं मशीन वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. हात त्याला आवरू शकत नाही. आवरतो तो ब्रेक, आणि तोही तेव्हाच जेव्हा डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून पूर्ण वळलेला असतो. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायची सवय पुष्कळांना असते. दादांनी भाच्याचा अंगठा स्वतः धरून खाली वळवला, नंतर दिवसभर नुसतं "अंगठा!" असं ओरडत होते.

मी घरातली लाल नेलपॉलिश आणून बारच्या त्या पाव भागावर दोन्ही बाजूंना लावली. दादा हसले. दुपारपर्यंत ती घासून गेली, पण तोवर भाच्याची नजर तिथे बसली होती. आडव्या खोडाच्या पलीकडे टोक कशाला लागतंय हे तो आता वाकून बघूनच घेतो.

उभं राहायचं ते मशीनच्या किंचित डावीकडे. उसळलंच तर चेन डोक्याच्या रेषेत येत नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर तर नाहीच.

आंब्याची आडवी फांदी आणि वाटेवरचे तीन माड झाले. विहीर मोकळी.

११ जून

पाऊस. काम बंद. रेडिओवर ऐकलं, मान्सून हर्णैपर्यंत आला.

१२ जून

आजचं सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडच्या वाड्यांत हेच जास्त आहे.

मधल्या वाडीत मोठा माड आडवा पडताना त्याच्याखाली पोफळींची अख्खी रांग सापडली. काही मोडल्या. काही मोडल्या नाहीत, वाकल्या. मुळं जमिनीत पक्की, शेंडा माडाच्या खोडाखाली दाबलेला, मधलं सगळं खोड ताणलेल्या धनुष्यासारखं. पोफळीचं खोड चिवट. बाहेरून टणक, आतून मऊ, त्यामुळे ते आंब्यासारखं तडकत नाही, ताण धरून बसतं. बघणाऱ्याला वाटतं हे तर मनगटाएवढं झाड, एका घावाचं काम. भावजींचा गडी कोयता उचलून निघालाच होता, वाकलेल्या पाठीवर घाव घालायला. दादांनी फडक्याचा बांबू त्याच्या पुढ्यात आडवा धरला.

वाकलेल्या खोडाला दोन बाजू असतात. बाहेरची, फुगलेली पाठ ताणलेली, आणि आतलं पोट दाबलेलं. पाठीवर घाव पडला की ताणलेले तंतू एकदम सुटतात आणि खोड सरळ व्हायला धावतं. शेंडा तेव्हा कुठल्या उंचीवर असेल, कोणाच्या हनुवटीवर असेल, सांगता येत नाही. मशीन असेल तर ते मशीनसकट हात उडवतं.

दादांनी केलं ते असं. सगळ्यांना बाजूला, खोड सुटलं तर ज्या वाटेने जाईल त्या वाटेपासून दूर. स्वतः त्या रेषेच्या कडेला. मशीन बंद करून बाजूला. पोफळ सगळ्यात जास्त जिथे वाकली होती तिथे पोटाकडून कोयत्याने पातळ पातळ ढलप्या काढायला सुरुवात केली. घाव नाही, तासणं. थोडं तासायचं, थांबायचं, ऐकायचं. चौथ्या-पाचव्या ढलपीला आतून कुरकुर ऐकू आली, पोफळ बोटभर खचली. आणखी थोडं तासलं, आणखी खचली. शेवटी ती नुसती मोडून लोंबली, उडाली नाही. मग वरून उरलेलं कापलं.

जिथे जमेल तिथे दादा आधी वरचा माड तुकड्यांनी कमी करत गेले, म्हणजे पोफळींवरचा भार आपोआप हलका होतो. दोन पोफळी तर तेवढ्याने स्वतःच हळूहळू उठल्या. त्या तशाच ठेवल्यात. जगतात का बघू. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, तेव्हा वाकडी असली तरी चालेल.

१३ जून

बांधावर आडवा पडलेला फणस. इथेही तेच गणित, फक्त जाडजूड. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलं की चीर मिटते आणि बार अडकतो. म्हणून वरून एक तृतीयांश, मग खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून.

खालून कापताना बारची वरची कड वापरात येते आणि मशीन अंगावर ढकलत येतं. वरून कापताना ते पुढे ओढतं. भाच्याला आज हा फरक हाताला कळला, तो चेहऱ्यावर दिसला.

चीर मिटायला लागली तर लाकडी पाचर. घरातली लोखंडी पाचर दादांनी परत पाठवली, चेन तिला लागली तर दात उडतात. फणसाचा चीक चेनवर इतका बसला की दुपारी रॉकेलने धुवावी लागली.

१५ जून, सोमवार

विहिरीमागचा हापूस. मुळांसकट उपटून आडवा, मुळांचा गड्डा माणसापेक्षा उंच उभा आणि त्याच्यामागे खोल खड्डा. शेजारची मुलं वादळानंतर त्या खड्ड्यातच खेळत होती.

गड्डा उभा राहतो तो खोडाच्या वजनाने. खोड बुंध्याजवळ कापलं की वजन जातं, आणि अख्खा गड्डा मातीसकट परत खड्ड्यात बसतो. कधी सावकाश, कधी धाडकन. कधी उलट, चालवणाऱ्याकडेच कलतो. मुलांना आधी घरी पाठवलं, त्यांच्या आईलाही सांगितलं. मग काथ्याचा दोर गड्ड्याला घालून मागच्या चिंचेला बांधला आणि बुंध्यापासून चांगलं दोन हात खोड मुळांकडेच राहील अशा बेताने कापलं. तेवढा तुकडा वजन म्हणून राहिला. कापताना दादा एका बाजूला, खड्ड्याकडे पाठ नाही, मागे पळायची वाट आधीच साफ.

शेवटच्या चार बोटांना गड्डा हलला. दादांनी मशीन ओढून घेतलं, दोन पावलं मागे. गड्डा धप्पकन बसला, जमीन हादरली, विहिरीचं पाणी थरथरलं. खड्डा होता की नव्हता असं झालं.

मुलांची आई बराच वेळ तिथेच उभी होती.

१७ जून

चॅप्स आले. दादांनी ते घातले आणि उकाड्याने वैतागले, पण काढले नाहीत.

आज धार. आमची जमीन पुळणीची, वादळात उडालेली वाळू सगळ्या खोडांच्या सालीत बसलीये. त्यात माड. माडाचा बाहेरचा घेर टणक, आत गाभा मऊ, आणि लाकूड असं काही की आंब्याला दिवसभर चालणारी धार माडाला तासा-दोन तासांत बोथट होते. धार गेलेली ओळखायची ती भुशावरून. धारदार चेन लाकडाचे चपटे तुकडे टाकते, बोथट चेन पीठ टाकते आणि धूर काढते. मग माणूस मशीनवर जोर द्यायला लागतो, आणि जोर देणारा माणूस टोकाकडे बघत नाही. म्हणून बोथट चेन हे नुसतं वेळखाऊ प्रकरण नाही.

दादांच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. बार दोन फळ्यांत घट्ट धरून, प्रत्येक दाताला ३० अंशांत, फक्त पुढे ढकलून. मागे आणताना उचलायची. डाव्या दातांना जितके हात तितकेच उजव्यांना, नाही तर चेन एका बाजूला तिरकी कापत जाते. दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, तो दाताने किती खोल चावायचं ते ठरवतो. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा. जास्त घासला तर चेन हावरी होते आणि उसळण्याचा धोका वाढतो. भाच्याला हा उंचवटा घासून "मशीन फास्ट करायचं" होतं. पट्टी लावून दाखवल्यावर त्याचा नाद सुटला.

वाळूवर उपाय एकच: जिथून कापायचं तिथली साल कोयत्याने तासायची, झाडूने झाडायचं आणि खोडाखाली दांडके सरकवून ते जमिनीपासून उचलायचं. चेन वाळूला एकदा टेकली की तासाभराची धार जाते. झावळ्यांचे तंतू स्प्रॉकेटच्या झाकणात गुंडाळतात, तेही जेवणाच्या सुट्टीत काढायचे. इंजिन बंद करूनच.

१९ जून

तात्यांच्या घरावर टेकलेला माड. कौलं फुटलीत, पण वासे धरून आहेत. घरातल्यांचा आग्रह की शिडी लावून शेंडा कापा. दादांनी ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाले. शिडीवर चालू मशीन नाही, आणि घरावर टेकलेलं झाड कापलं की भार कुठल्या बाजूला जाईल ते छपराला विचारून होत नाही. थोडी नाराजी झाली. जेसीबी आळीत शिरत नाही. शेवटी चेन-कप्पी, दोन जाड दोर, पुढच्या आळीतली माणसं, आणि माड इंच-इंच ओढून अंगणात. मशीन तोवर ओट्यावर बंद. मग जमिनीवर तुकडे.

दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडालाही हेच. ज्याने धरून ठेवलंय ते झाड कापायचं नाही, आणि अडकलेल्याखाली उभं राहायचं नाही. असं एक कोपऱ्यात आहे, भोवती दोर बांधून ठेवलाय.

२२ जून, सोमवार

पेट्रोल म्हसळ्याहून. मशीनच्या पुस्तकात ५०ला १ लिहिलंय, म्हणजे लिटरला २० मिली टू-टी. भावजी अंदाजाने ओतत होते. लहान मुलांच्या औषधाचं माप आणून दिलं. मिश्रण पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही असं मी दोनदा सांगितलं. तहानलेला माणूस वास घेत बसत नाही. आता लाल कॅन आहे.

टाकी भरताना इंजिन बंद आणि निवलेलं, बिडी लांब, आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर बाजूला नेऊन चालू करायचं.

एक टाकी संपली की चालवणारा बदलायचा किंवा बसायचं, असा नियम आपोआप झालाय. थरथरीने हात बधिर होतात. पावसात भिजलेल्या हातांना लवकर. दादांची दोन बोटं थंडीत पांढरी पडतात, वर्षांनुवर्षं मशीन धरल्याचं ते फळ. भाच्याला त्यांनी ती बोटं दाखवली. चार वाजता बंद, उजेड असला तरी. पाऊस सुरू झाला की लगेच बंद. ओल्या खोडावर कोणी चढायचं नाही.

२५ जून

वाटेवर कललेला फणस, अर्धी मुळं सुटलेली, पण उभा. आतापर्यंतचं सगळं आडवं होतं, हे पहिलं पाडायचं झाड. आंबा आणि फणस दोन्ही महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, माड आणि पोफळ नाहीत. परवानगीचा कागद तात्यांनी आणला, तेव्हा हात लावला.

झाड ज्या बाजूला कललंय तिकडेच पाडायचं, उलट्या बाजूला पाडायचा हट्ट करायचा नाही. दुप्पट उंचीच्या घेरात कोणी नाही. दोन्ही बाजूंची वाट मी आणि भावजींनी अडवली. दादांनी मागे तिरकी पळवाट साफ केली, अगदी सरळ मागे नाही, कारण बुंधा मागे उसळतो तो सरळच.

पडायच्या बाजूला खाच, खोडाच्या जाडीच्या पावभर. एरवी मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर कापत यायचं आणि दोहोंमध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी शिल्लक ठेवायची. ती पट्टी म्हणजे बिजागरी, झाड तिच्यावर वळून पडतं. पट्टी पूर्ण कापली की झाड कुणाचं नाही. पण हे झाड जोरात कललेलं. अशाला मागून कापत गेलं तर ते पडण्याआधी उभं चिरतं, आणि चिरलेला भाग मागे, चालवणाऱ्याच्या छातीवर येतो. म्हणून दादांनी बार बाजूने आरपार घातला, टोकाच्या खालच्या कोपऱ्याने सुरुवात करून. वरच्या कोपऱ्याने घातला असता तर तीच उसळी. पुढची बिजागरी ठेवली, मागे एक पट्टा तसाच ठेवला, आणि सगळं तयार झाल्यावर बाजूला उभं राहून तो मागचा पट्टा कापला. फणस करकरत हवा तिथे गेला.

भाच्याने मशीनला हात लावायची परवानगी मागितली नाही. मला ते आवडलं.

३० जून

तिसऱ्या वाडीतले बरेच माड तुकडे होऊन बांधाला लागले. महावितरणने रस्त्याकडची तार काढली, चिंध्यांची झाडं आता घेता येतील.

४ जुलै, शनिवार

शेवटचा दिवस, निदान या मशीनचा. दादांनी टाकी रिकामी केली, रिकाम्या रेसवर चालवून कार्बोरेटरमधलंही संपवलं, एअर फिल्टर झटकला, बार काढून खोबणीतला काळा लगदा खिळ्याने काढला आणि बार उलटा करून बसवला, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन ढिली केली. काम करताना तापून लांबलेली चेन तशीच घट्ट ठेवली तर निवल्यावर आखडते आणि बारवर ताण देते.

राहिलेलं: कोपऱ्यातलं अडकलेलं झाड, पाऊस उघडल्यावर कप्पी लावून. माडांचे बुंधे जमिनीतच, ते कुजू देत, त्यांच्या मधल्या जागेत रोठ्याची, म्हणजे इथल्या सुपारीची, रोपं लावायची. आंब्याचे ओंडके गिरणीवर न्यायला वाहतुकीचा पास लागतो, अर्ज घेऊन तात्या जाणार आहेत. चॅप्स आणि मफ आमचे, पण सोमवारी मशीन वरच्या आळीत जातंय, तर तेही दादांबरोबर दिलेत. लाल फडक्याचा बांबूही. तिथे दर झाडामागे ठरलाय असं ऐकलं. भावजी उद्या जाऊन बोलणार आहेत.